परवडणारे सिगार: कुठल्या मुलखाची चव कशी, आणि पुण्यात ती पारखायची कशी

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न असा: एप्रिलमध्ये तीन सिगार घेतले. एक क्युबाचा, त्यातल्या त्यात स्वस्त. एक डॉमिनिकन, फिक्या रंगाचा. एक निकाराग्वाच्या जुडीतला, जाड आणि काळपट. दोन आठवडे ते टेबलाच्या खणात होते, मग एकेक करून ओढले. तिन्ही कडवट लागले. डॉमिनिकनचं वरचं पान तडकलं, निकाराग्वाचा एका बाजूनेच जळत गेला, आणि क्युबाचा सगळ्यांत वाईट निघाला. मग कमी पैशात कुठल्या देशाचा सिगार घ्यावा?

या तीन सिगारांवरून तिन्ही देशांबद्दल काहीच ठरवता येत नाही. एप्रिलच्या दुपारी पुण्याच्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. सिगारला लागते साधारण ६५ टक्के. खणातल्या दोन आठवड्यांत तिन्ही वाळून कडक झाले. वाळलेला तंबाखू भराभर जळतो, धूर तापतो, आणि तापलेला धूर कुठल्याही मुलखाचा असो, कडूच लागतो. तिन्ही वेळा तुम्ही चाखलात तो पुण्याचा उन्हाळा.

म्हणून देशांची तुलना सर्वांत शेवटी. आधी ओलावा सारखा करायचा, मग आतला तंबाखू अखंड पानाचा आहे की तुकड्यांचा ते बघायचं, मग आकार एकच घ्यायचा. एवढं जमलं की मुलखामुलखांतला फरक सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवरचं नाव न वाचताही कळायला लागतो.

ओलाव्यासाठी स्वस्तातला लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ओलसर राखणारी पेटी, घेऊ नका. त्याचं झाकण नीट बसत नाही. मे महिन्यात तो आतली ओल बाहेर सोडतो आणि जुलैत बाहेरची आत घेतो. झाकणाला रबरी कडं आणि चारी बाजूंना खटके असलेला प्लास्टिकचा हवाबंद डबा पुरतो. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला, हव्या त्या मापाचा मिळेल. तो गरम पाण्याने धुऊन दोन दिवस उघडा ठेवा, कारण प्लास्टिकचा वास पानात उतरतो. आत ६५ अंकाची ओलावा राखणारी पुडी ठेवा. बोवेडा हे त्यातलं ओळखीचं नाव. हवा कोरडी पडली की ही पुडी ओल सोडते आणि जास्त झाली की शोषते. २५ सिगारमागे ६० ग्रॅमची एक पुडी धरा. हाताला कडक लागली की ती संपली. ओला स्पंज किंवा पाण्याची वाटी ठेवलीत तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली.

आणखी एक चूक आपल्याकडे हमखास होते. सिगारच्या पेट्या ‘सीडर’च्या असतात असं वाचून लोक देवदाराची फळी आणतात. पेट्यांचं ते स्पॅनिश सीडर नावापुरतंच सीडर आहे. ते झाड महोगनीच्या आणि कडुनिंबाच्या कुळातलं. देवदार हा खरा सीडर आणि त्याच्या लाकडात तेल भरपूर. काही दिवसांतच सगळ्या सिगारना त्याचा उग्र वास लागतो आणि मग तो सहजी जात नाही. फळी नसली तरी काही बिघडत नाही.

आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर नवा असतानाच तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढेच थेंब पाणी घाला, झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसायला हवा. ७१ दिसला तर तो मीटर कायम ४ ने कमी दाखवतो असं धरून चालायचं.

डबा माळ्यावर नको. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो आणि माळा भट्टीसारखा होतो. आतल्या भिंतीचं कपाट, तेही खालचा कप्पा, ही चांगली जागा. गरमीत दुसरा धोका तंबाखूच्या किड्याचा. त्याची अंडी पानातच असू शकतात आणि २५ अंशांच्या वर तापमान राहिलं की फुटतात. वरच्या पानावर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक आणि डब्याच्या तळाशी बारीक भुकटी दिसली, तर किडा लागलाय. उपाय सोपा आहे: नवे सिगार दुहेरी झिप पिशवीत हवा काढून बंद करायचे, एक दिवस फ्रिजमध्ये, किमान तीन दिवस डीप फ्रीजरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर. पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. मधले टप्पे गाळले तर वरचं पान तडकतं.

खणात वाळलेल्या सिगारमधला कुठला शिल्लक असेल तर तोही डब्यात टाका, पण घाई करू नका. एकदम जास्त ओल दिली की बाहेरचं पान आधी फुगतं, आतलं मागे राहतं आणि शिवण सुटते. तीन-चार आठवडे लागतील. तयार झाला का हे बोटाने दाबून कळत नाही. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या आणि दर आठवड्याला एकच खूण केलेला सिगार तोला. सलग दोन आठवडे वजन जागचं हललं नाही, म्हणजे सगळे एका पातळीवर आले. आता तुलना करता येईल.

आता आतला माल. सिगारला तीन थर असतात: वरचं देखणं पान म्हणजे रॅपर, त्याखाली आकार धरून ठेवणारं बाइंडर, आणि आतलं भरण म्हणजे फिलर. कमी किमतीत सगळ्यांत मोठा फरक पडतो तो फिलरमुळे. लाँग फिलरमध्ये पानं टोकापासून टोकापर्यंत अखंड असतात. शॉर्ट फिलरमध्ये कातरण. तिसरा प्रकार मिश्र, मधोमध कातरण आणि भोवती अखंड पानं. कातरण भराभर जळते, लवकर तापते, राख पटकन गळते आणि तोंडात कण येतात. हे देशावर नाही, बांधणीवर अवलंबून आहे. शॉर्ट फिलरचा क्युबन आणि लाँग फिलरचा निकाराग्वन शेजारी ठेवून देशांची तुलना करणं म्हणजे तुकडा बासमती आणि अख्खा इंद्रायणी यांचा भात करून दोन्ही वाणांवर निकाल देण्यासारखं आहे.

तुमचा क्युबन फसला त्याचं निम्मं कारण हेच असणार. क्युबाच्या स्वस्त नावांत होसे एल. पिएद्रा आणि किंतेरो हाताने वळलेले असले तरी शॉर्ट फिलरचे आहेत, आणि ग्वांतानामेरा तर यंत्रावर बनतो. खोक्यावरचे स्पॅनिश शब्द वाचायला शिका: ‘तोतालमेंते आ मानो’ म्हणजे पूर्ण हाताने, ‘त्रिपा लार्गा’ म्हणजे लाँग फिलर, ‘त्रिपा कोर्ता’ म्हणजे शॉर्ट. शिवाय क्युबाचं जे नाव जगभर आहे ते पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहोचं, त्यातही सान लुईस आणि सान हुआन ई मार्तीनेस इथल्या पानांचं. ती पानं महाग सिगारांत जातात. पिएद्रासारख्यांत बेटाच्या मध्यभागाकडच्या रेमेदिओस भागाचा तंबाखू येतो, जो जास्त रांगडा असतो. तरीही नीट ओलाव्यात ठेवलेल्या पिएद्रात क्युबाची ती खास खूण सापडते: मधाच्या बाजूला झुकणारा, थोडा आंबटसर, वाळल्या गवताचा वास. क्युबन ६२ टक्क्यांवर ठेवलेला बरा, त्याहून ओला असला की कोंडतो, म्हणजे धूर नीट ओढला जात नाही. मात्र स्वस्तात मिळालेला ‘कोहिबा’ (क्युबाचं महागडं नाव), तोही काचेच्या झाकणाच्या खोक्यात, हा शंभर टक्के नकली. तसं खोकं त्यांच्याकडे निघतच नाही.

निकाराग्वावर थोडं जास्त लिहितो, कारण कमी पैशात सर्वाधिक भरवसा तिथल्या मालावर ठेवता येतो. १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबाच्या मालावर बंदी घातली आणि क्युबातून बाहेर पडलेली तंबाखूवाली घराणी आजूबाजूच्या देशांत पसरली. निकाराग्वात १९६८ पासून कारखानदारी उभी राहिली. या एका देशात रॅपर, बाइंडर, फिलर तिन्ही पिकतात, त्यामुळे कारखान्याला बाहेरचं पान आणावंच लागतं असं नाही. शिवाय महाग सिगार वळताना उरलेली चांगल्या पानांची कातरण तिथेच स्वस्त जुड्यांत जाते. जुडी म्हणजे खोक्याविना, सेलोफेनमध्ये बांधलेले २०-२५ सिगार. क्वोरम, फ्लोर दे ओलिव्हा ही नावं या वर्गातली.

‘निकाराग्वाचा म्हणजे तिखट’ हे सरसकट म्हणतात ते खरं तर एस्तेलीचं वर्णन आहे. तिथली जमीन काळी, भारी, ज्वालामुखीची. आपली दख्खनची काळी माती डोळ्यांपुढे आणा. तिथलं पान जाड, तेलकट. धूर नाकातून सोडला की काळी मिरी फुटल्यासारखी झोंबते, मागून कडक कॉफी. होंडुरासच्या सीमेकडे हालापाची माती तांबूस, हलकी. तिथलं पान मऊ, गोडसर, दालचिनीकडे जाणारं, आणि रॅपर म्हणून चांगलं. कोंदेगा खडकाळ, चवीला या दोघांच्या मधलं. ओमेतेपे हे निकाराग्वा सरोवरातलं दोन ज्वालामुखींनी बनलेलं बेट. तिथल्या पानाला ओल्या मातीचा, पहिल्या वळवाच्या सरीनंतरचा वास. खोक्याच्या वर्णनात ‘एस्तेली’ दिसलं की रिकाम्या पोटी पेटवू नका. हालापाचा उल्लेख असेल तर नवख्यालाही झेपेल.

होंडुरासचा तंबाखू मुख्यतः दानली गावाजवळच्या हामास्त्रान खोऱ्यातला. नव्या कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा आणि रंध्यानंतरच्या लाकडाचा वास ही त्याची ओळख. गोडी कमी. ज्यांना विनासाखरेचा काळा चहा आवडतो त्यांना हा मुलूख लवकर पटतो.

डॉमिनिकन म्हणजे सांतियागो शहराभोवतीचं सिबाओ खोरं. इथे ‘ओलोर दोमिनिकानो’ या जातीचं सुवासिक पान आणि ‘पिलोतो कुबानो’ हे क्युबन बियाण्याचं, जरा जोमदार पान, अशी जोडी चालते. भाजलेले शेंगदाणे, बेकरीतल्या ताज्या खारीचा वास, धूर सौम्य. मकानुडोसारखे फिक्या रॅपरचे सिगार या धाटणीचे. पण हे फिकं कनेक्टिकट जातीचं रॅपर फार पातळ असतं आणि कोरड्या हवेत तेच पहिलं तडकतं. तुमच्या सिगारला तेच झालं. एप्रिल-मेमध्ये डब्यातून काढून पंख्याखाली ठेवायचा नाही, काढला की पेटवायचा.

इथेच देशाच्या नावाचा घोळही कळतो. पट्टीवर जो देश असतो तो वळला कुठे त्याचा. वरचं पान बहुधा इक्वाडोरचं निघतं. तिथे पिकाच्या हंगामात ढग इतके दाटून असतात की कापडाच्या सावलीची गरजच पडत नाही; अमेरिकेतल्या कनेक्टिकट खोऱ्यात मात्र शेतावर कापड ताणूनच पातळ पान पिकवतात. स्वस्त सिगारवर नुसतं ‘कनेक्टिकट’ लिहिलेलं असेल तर ते बियाणं कनेक्टिकटचं आणि शेत इक्वाडोरचं, असं समजून चाला. काळं, जाड, काकवीसारख्या गोडीचं मादुरो पान बहुधा मेक्सिकोच्या सान आंद्रेसचं किंवा कनेक्टिकटचंच ब्रॉडलीफ जातीचं. ब्राझीलच्या बाहिया भागातलं माता फिना हेही त्याच घरातलं, कोको आणि सुक्या खजुरासारखं. काळा रंग म्हणजे कडक, हा समज चुकीचा. कडकपणा येतो झाडाच्या शेंड्याकडच्या, भरपूर ऊन खाल्लेल्या पानांतून, ज्यांना लिहेरो म्हणतात. ती आत असतात, बाहेरून दिसत नाहीत.

आशियातला माल आपल्याकडे उगाच मागे पडतो. फिलिपिन्समध्ये इसाबेला प्रांतात तंबाखूची जुनी परंपरा आहे, ताबाकालेरा कंपनी १८८१ सालची. चव हलकी, फुलांच्या अंगाची. तासभर ओढण्याएवढा भरीवपणा त्यात नसतो, पण दुपारी छोट्या आकारात चांगला. इंडोनेशियाचं सुमात्रा आणि जावाचं पान बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या सिगारला बाइंडर-रॅपर म्हणून भेटतं.

आणि आपला दिंडीगुल-तिरुचिरापल्लीचा चिरूट. दोन्ही टोकं उघडी, त्यामुळे कापायचा प्रश्न नाही. निपाणीचा विडीचा तंबाखू शेतात उन्हात वाळवून त्याची भरड करतात. सिगारचं पान सावलीच्या कोठारात टांगून आठवडेच्या आठवडे वाळवतात आणि मग ढीग रचून स्वतःच्याच उष्णतेत आंबवतात. आंबवताना अमोनिया निघून जातो. स्वस्त मालात ही पायरी आखडती घेतलेली असते, मग तो चिरूट असो की परदेशी जुडी. न पेटवता टोकाचा वास घ्या: केसांच्या डायसारखं नाकात झोंबलं तर पान कच्चं आहे. टाकून देऊ नका, डब्यात तीन-चार महिने ठेवा, बराच निवळतो. चिरूट मात्र सिगारांच्या डब्यात नको, त्याचा वास सगळ्यांना लागेल. त्याला वेगळी बरणी.

इटलीचा टोस्कानो वेगळ्या जातीचा: केंटकी बियाण्याचं पान लाकडाच्या धुरावर वाळवलेलं, वास शेगडीचा, दिसायला खडबडीत. त्याला ह्युमिडॉरची गरज नाही, मधून कापून दोघांत ओढतात. ज्यांना डबा-पुडी सांभाळायची नाही त्यांनी पुण्याच्या उन्हाळ्यापुरता हाच जवळ करावा.

तुलना कशी करायची? सगळे रोबुस्तो घ्या, म्हणजे लांबी ५ इंच, जाडी ५०. जाडीचा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागांत असतो, म्हणजे ५० ला जवळजवळ २० मिलिमीटर. एका जातीचे किमान तीन, कारण स्वस्त सिगारांत एका जुडीतही दोन नग सारखे नसतात. काट्यावर दोन नगांत दीड-दोन ग्रॅमचा फरक दिसला तर हलका पोकळ आहे आणि लवकर तापणार. जड कोंडलेला असू शकतो. पायापासून (पेटवायचं टोक) डोक्यापर्यंत (ओढायचं टोक) हलकं दाबत जा, मऊ खड्डा किंवा कडक गाठ बोटाला लागते. पट्ट्या काढून दुसऱ्या कुणाकडून नंबर घालून घ्या. एका दिवशी एकच, जेवणानंतर तासाभराने, सोबत साधं पाणी. मसाल्याचा चहा तोंडात असताना सगळेच सिगार एकसारखे लागतात.

डोक्याकडची टोपी २ मिलिमीटरच कापा. टोपीची शिवण जिथे संपते त्याखाली ब्लेड गेलं की वरचं पान उलगडतं. कोंडलेला नाही ना, हे न पेटवता एक झुरका ओढून बघा. ज्वाला टोकाला न लावता खाली धरून फिरवा, कडा सगळीकडून लाल झाली की मगच ओढा. काडेपेटी वापरत असाल तर काडीचा गंधक जळून जाऊ द्या. मिनिटाला एक झुरका. त्याहून भराभर ओढलात तर डॉमिनिकनसुद्धा एस्तेलीसारखा झोंबेल. दर एक-तृतीयांश सिगार संपला की दोन ओळी लिहून ठेवा, कारण पहिल्या इंचाची चव शेवटपर्यंत राहत नाही.

एका बाजूनेच जळणं, जे तुमच्या निकाराग्वनला झालं, त्याची कारणं तीन: पेटवताना एक कड राहिली, डोक्यावर पंखा चालू होता, किंवा आतलं जाड लिहेरो पान मधोमध न ठेवता एका बाजूला गेलं. पहिली दोन आपल्या हातात आहेत. मागे राहिलेल्या बाजूला ज्वालेचा हलका स्पर्श द्या. तेवढ्याने सरळ झाला नाही आणि दुसरा नगही तसाच जळला, तर दोष वळणाऱ्याचा. मधोमध बोगदा पडून बाहेरचं पान न जळणं हे पावसाळ्यात होतं: बाहेरून ओला, आतून कोरडा. सारखा विझत असेल तर दोन दिवस ६२ च्या पुडीबरोबर ठेवा.

धूर छातीत घ्यायचा नाही हे खरं, पण म्हणून सिगार निरुपद्रवी ठरत नाही. त्याचा धूर अल्कधर्मी असतो, निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं, आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका खरा आहे. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. जो ओढत नाही त्याने ही तुलना करण्यासाठी सुरुवात करू नये. ओढताना घाम फुटला, मळमळलं तर लगेच ठेवून द्या, बसा, गूळ-पाणी घ्या. सार्वजनिक जागी ओढायला कायद्याने बंदी आहे.

खरेदी करताना खोक्यावर आपल्याकडची चित्रमय सूचना नसेल तर माल चोरवाटेने आलेला आहे, आणि तो वाटेत कुठल्या उन्हात किती दिवस पडला होता ते कुणीच सांगू शकत नाही. दुकानात ह्युमिडॉरच्या मीटरचा आकडा विचारा. ५५ च्या खाली असेल तर त्या दिवशी घेऊ नका. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला सांगायचं असेल तर सामानातून शुल्काविना २५ सिगारपर्यंतच आणता येतात.

तुमच्या बजेटमध्ये आत्ता घ्यायचे असतील तर तीन निकाराग्वन, ज्यांच्या वर्णनात हालापा आहे, आणि तीन डॉमिनिकन, सगळे लाँग फिलर रोबुस्तो. महिनाभर डब्यात, वजन स्थिर होईपर्यंत. आधी डॉमिनिकन ओढा, दुसऱ्या आठवड्यात निकाराग्वन, मग परत डॉमिनिकन. क्युबन त्यानंतर, आणि तेव्हा स्वस्त तीन घेण्यापेक्षा त्याच पैशात त्रिपा लार्गाचा एक.